सोलापुरात घरी बसून मूकपट आणि जुने भयपट : तुम्ही कसे बघता?

माळवद

मूकपट म्हटलं की आपल्याकडे गाडी चॅप्लिनवर जाऊन थांबते. चॅप्लिन थोर आहेच. पण मूकपटाची खरी ताकद बघायची तर भयपट बघा, आणि तो बघायला सोलापुरातल्या घरांइतकी चांगली जागा नाही. का ते सांगते.

आमच्या घरात तीन भाषा नांदतात. सासूबाई तेलुगू, मी मराठी, आणि पिक्चर लावला की हमखास येणाऱ्या शेजारच्या काकू कन्नड. बोलपट लावला की कुणीतरी मागे पडतंच. सासूबाईंना भराभर हिंदी झेपत नाही, सबटायटल वाचेपर्यंत ती निघून जातात. मूकपटाला ही अडचणच नाही. मजकुराची पाटी आली की मी थांबवते, मराठीत वाचते, नवरा तेलुगूत सांगतो. काकूंना सांगावंच लागत नाही, त्या चेहरे बघून पुढचं आधीच ओळखतात. आपल्या मूकपटांच्या काळात असंच तर चालायचं. पाट्या दोन-तीन भाषांत असायच्या आणि वाचता न येणाऱ्यांसाठी थिएटरात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. तीच पद्धत घरात परत आणायची.

नवीन माणसाने सुरुवात 'नोस्फेराटू'पासून करावी. १९२२ चा जर्मन चित्रपट, दिग्दर्शक मुर्नाऊ. 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता केलेला. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक झाला, पण ब्रॅम स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला. काही प्रती तोवर इकडे तिकडे पांगल्या होत्या, म्हणून आज आपण तो बघू शकतो.

शेवटाकडचा जिन्याचा प्रसंग नीट बघा. ऑर्लॉक स्वतः दिसतच नाही. भिंतीवर फक्त सावली वर सरकते, पाठ वाकलेली, बोटं नखांसकट फाकलेली. दारापाशी आल्यावर तो हात लांब लांब होत जातो. मग नायिका एलेनच्या पांढऱ्या कपड्यांवर त्या हाताची सावली चढते, छातीपाशी थांबते आणि मूठ मिटते. अंगाला कुणी हात लावलेला नाही, रक्ताचा थेंब नाही. सासूबाईंनी त्या वेळी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

एक कळकळीची विनंती : रंगीत छटांची प्रत शोधा. तेव्हाच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण करणं फार अवघड होतं. मग दिवसा शूटिंग करायचं आणि रात्रीच्या प्रसंगाची पट्टी निळ्या रंगात बुडवायची. दिव्याच्या उजेडातले प्रसंग पिवळसर, पहाट गुलाबी. या छटा उडालेल्या कृष्णधवल प्रतीत ऑर्लॉक शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात गावातून हिंडतो. ज्याला उन्हानेच मरायचंय तो उन्हात कसा, असं कुणालाही वाटणार. निळ्या प्रतीत तो प्रश्नच येत नाही.

तुम्ही कोणते बघता? आणि आवाजाचं काय करता, हे मुद्दाम सांगा. आमच्याकडे त्यावर एकमत नाही.

शेंगापोळी

वा! वाचनखूण साठवली. 'नोस्फेराटू' फक्त नावाने माहीत होता. रविवारी लावते.

होटगी_रोड

छान धागा. थोडी टीव्हीची भर घालतो, कारण चांगली प्रत मिळवूनही बरेच जण टीव्हीच्या सेटिंगमुळे तिची वाट लावतात.

सगळ्यात आधी मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पिक्चर सेटिंगमध्ये खोल कुठेतरी सापडेल. ते चालू असलं की टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि शंभर वर्षांपूर्वीची फिल्म कालच्या मालिकेसारखी गुळगुळीत दिसते. दुसरं, चौकट. मूकपट साधारण ४:३ मापाचे, म्हणजे चौरसाच्या जवळ जाणारे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. 'फुल स्क्रीन' केलंत तर मॅक्स श्रेक, जो ऑर्लॉक म्हणून काठीसारखा सडपातळ दिसायला हवा, तो आडवा पसरतो. व्हिव्हिड मोडऐवजी मूव्ही मोड ठेवा आणि शार्पनेस पार खाली आणा.

खोली पूर्ण काळोखी हवी. या चित्रपटांत काळ्यातल्या काळ्यात बरंच काही घडत असतं. ट्यूबलाइट चालू ठेवून 'नोस्फेराटू' बघणं म्हणजे न बघणंच.

रात्रपाळी

लै भारी धागा काढलाव बघा ताई.

आमचं टॉवेलचं काम, पूर्व भागात. माझी पाळी रात्रीची. पहाटे घरी आलो की झोप लागत नाही लवकर, मग मोबाईलवर काहीतरी बघत पडायची सवय. असाच एकदा 'कॅलिगारी' सापडला. १९२० चा. त्यात घरं वाकडी, दारं वाकडी, रस्ता वाकडा, सावल्यासुद्धा पडद्यावर रंगाने काढलेल्या. पहिल्यांदा वाटलं मोबाईलच बिघडला काय. मग कळलं की ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकतोय त्याच्या डोक्यातलं गाव आहे ते. झोपेत चालणारा सेझारे जेव्हा पेटीत उभ्याउभ्या हळूच डोळे उघडतो ना, अंगावर काटा. काय बघलालो आपण, असं झालं.

एक विचारायचंय. काही पिक्चरमध्ये माणसं तुरुतुरु का पळतात? भीतीच्या जागी हसू येतंय मग.

होटगी_रोड

@रात्रपाळी, तो वेगाचा घोळ आहे, चित्रपटाचा दोष नाही. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ ते २४ चौकटी, हात जसा चालेल तसा. बोलपट आल्यावर आवाजासाठी २४ चा वेग पक्का झाला. आता १८ ने घेतलेली फिल्म २४ ने चालवली की माणसं पळणारच. त्या काळच्या प्रेक्षकांनी ती अशी बघितलेली नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे लांबी. 'नोस्फेराटू'ची नीट वेगाची दुरुस्त प्रत दीड तासाच्या थोडी वर जाते. तासाभरात संपणारी प्रत दिसली तर ती घाईत चालवलेली किंवा कापलेली आहे. दुसरी प्रत मिळालीच नाही तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये वेग ०.७५ करा, १८ भागिले २४ चा हिशोब तेवढाच येतो. संगीत बेसूर होईल, ते बंद ठेवा.

पेटीमास्तर

संगीताचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मूकपट कधीच मुका नव्हता. युरोप-अमेरिकेत पियानो, ऑर्गन, मोठ्या थिएटरात अख्खा वाद्यवृंद. आपल्याकडे पेटी आणि तबला पडद्यापाशी बसायचे. 'नोस्फेराटू'ला हान्स एर्डमन या संगीतकाराने खास संगीत दिलं होतं, त्यातलं बरंच हरवलं, आणि आज ऐकू येतं ते नंतर जुळवलेलं किंवा नव्याने रचलेलं.

माझ्याकडे वडिलांची पेटी आहे. मी प्रतीतलं संगीत बंद करतो आणि स्वतः वाजवतो. शास्त्र फार लागत नाही, पण राग विचारपूर्वक घ्यावा. भयपटाला माझा हक्काचा राग मारवा. त्यात कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर सगळा भार असतो आणि षड्ज शक्य तितका टाळायचा असतो. ऐकणाऱ्याला घर सापडत नाही, मन टेकायला जागा मिळत नाही. एलेनचा नवरा हुटर गाडीत बसून ऑर्लॉकच्या किल्ल्याकडे निघतो, जंगल निगेटिव्हमध्ये दाखवलंय, म्हणजे झाडं पांढरी आणि आभाळ काळं, तिथे मारव्याचे धैवत-रिषभ धरून भाता नुसता हळू चालवायचा. बघा काय होतं ते.

आणि जिन्याच्या प्रसंगाला हात पूर्ण काढून घ्यायचा. तासभर पेटी कानावर असते, ती अचानक थांबली की खोलीतला पंखासुद्धा ऐकू येतो.

बाराबंदी

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण माझं मत उलटं. मी सगळं बंद ठेवून बघतो. एकटा, पूर्ण शांततेत. संगीत आलं की ते सांगत बसतं, आता घाबर, आता रड. चित्रावर तेवढा विश्वास ठेवायला काय हरकत आहे? १९३१ चा 'ड्रॅक्युला' बघा, बेला लुगोसीचा. बोलपट असूनही सुरुवातीचा 'स्वान लेक'चा तुकडा आणि नाटकगृहातला प्रसंग सोडला तर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. तळघरात शवपेटीचं झाकण हलतं तेव्हा काहीच वाजत नाही. त्या शांततेइतकं भीतिदायक मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

जाता जाता, त्याच सेटवर रात्री दुसरी टोळी येऊन स्पॅनिश भाषेत तोच चित्रपट करत होती. तोही मिळतो. कॅमेरा त्यात जास्त हलतो, मला तो जास्त आवडतो.

पेटीमास्तर

@बाराबंदी, 'ड्रॅक्युला'त माणसं बोलतात, दारं करकरतात. कानाला काहीतरी आधार आहे. मूकपटात तोही नाही. दीड तास निखळ शांततेत बसलेल्या माणसाचं लक्ष शेवटी बाहेरच्या रिक्षाकडे जातं.

रात्रपाळी

आमच्याकडे शांतता कुठून आणायची मास्तर. रात्रभर शेजारचे माग चालू. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. पण खरं सांगतो, 'नोस्फेराटू'त ते जहाज बंदराला लागतं, वर एक माणूस जिवंत नाही, आणि मागे हा मागाचा ठेका. वेगळं संगीत लागलंच नाही बे!

शेंगाचटणी

सगळे प्रतिसाद वाचले. तुमचा संगीताचा वाद वाचून एक सांगावंसं वाटलं.

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात सगळे मिळून पिक्चर बघतात तेव्हा तो कायम अर्ध्यातून उठून जायचा. आम्ही खुणांनी सांगायचो, पण एखादा विनोद किंवा धक्का दुसऱ्याने सांगितल्यावर त्यात काय उरतं? मूकपट लावायला लागल्यापासून तो जागचा हलत नाही. उलट आम्हाला कळायच्या आत त्याला कळतं. 'फँटम ऑफ द ऑपेरा'त (१९२५) ती मुलगी ऑर्गन वाजवणाऱ्या फँटमच्या पाठीमागे हळूहळू सरकते, मुखवट्याकडे हात नेते, मागे घेते, पुन्हा नेते. भावाने मुखवटा निघायच्या आधीच माझ्याकडे वळून 'बघू नको' अशी खूण केली होती. त्याला तिच्या बोटांवरूनच सगळं समजलं होतं.

नंतर मी त्याला लॉन चेनीबद्दल सांगितलं. फँटमचं काम करणारा हा नट. त्याचे आईवडील दोघेही कर्णबधिर होते. लहानपणापासून तो घरात चेहऱ्याने आणि हातांनीच बोलत मोठा झाला. आणि फँटमचा तो भयंकर चेहरा त्याने स्वतःच रंगवला होता, दुसऱ्या कुणी नाही. हे ऐकल्यापासून भाऊ चेनीचे जे मिळतील ते चित्रपट शोधून काढतो. आमच्या घरात आता पाटी वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे आहे, तो खुणांनी सांगतो आणि आम्ही शिकतो.

माळवद

@शेंगाचटणी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. धागा काढल्याचं सार्थक झालं. भावाला आमच्याकडून नमस्कार सांगा.

चेनीचाच 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) आता बघायला मिळणार नाही याचं फार वाईट वाटतं. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीच्या गोदामाच्या आगीत गेली. आता नुसते फोटो उरलेत.

जुनी_चाळ

मला एक विचारायचं आहे. यूट्यूबवर हे जुने चित्रपट एआयने पूर्ण रंगीत आणि एकदम गुळगुळीत केलेले मिळतात. माझी मुलं कृष्णधवल म्हटलं की मान फिरवतात, पण रंगीत 'नोस्फेराटू' अर्धा तास बघितला त्यांनी. त्यात एवढं वाईट काय आहे?

माळवद

@जुनी_चाळ, मुलं बघतात हे चांगलंच, पण मी ते लावणार नाही. तेव्हाच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग नीट दिसायचा नाही, तो काळपट उतरायचा, आणि निळं आकाश पांढरं पडायचं. हे ध्यानात ठेवूनच नटांचे चेहरे रंगवायचे, सेट रंगवायचे. 'कॅलिगारी'तला सेझारे चुन्यासारखा पांढरा आणि डोळ्यांभोवती काळा आहे तो तसा दिसावा म्हणूनच. त्याला मशीनने गव्हाळ कातडी दिली की सेझारे उरतच नाही, आजारी पोरगा उरतो. आणि 'फँटम'मध्ये मुखवट्यांच्या नाचाचा प्रसंग खरोखरच तेव्हाच्या दोनरंगी टेक्निकलरमध्ये आहे. बाकी सगळं एकरंगी असताना तो लाल झगा जिन्यावरून उतरतो. सगळंच रंगीत केलं तर त्या लालची काय किंमत राहिली?

मुलांसाठी माझा उपाय सांगते. पाट्या त्यांना वाचायला द्या. आवाज काढून, नाटकी. आमची लेक ऑर्लॉकच्या पाट्या असल्या खर्जात वाचते की काकू दचकतात. ज्याच्या हातात काम आहे तो मान फिरवत नाही.

एक सूचना मात्र पाळाच : 'हेक्सन' (१९२२) मुलांसमोर नको. चेटकिणींच्या छळाचा इतिहास आहे, चित्रपट विलक्षण आहे, पण त्यातले छळाचे आणि सैतानाचे प्रसंग मोठ्यांनाही जड जातात.

जुनी_चाळ

लाल झग्याचं पटलं. पाट्यांचं आजच करून बघते.

परगावचा_सोलापूरकर

सध्या पुण्यात. धागा वाचून राहवलं नाही. सगळी चर्चा जर्मनी-अमेरिकेत फिरतेय म्हणून घरचा धागा जोडतो.

१९२५ मध्ये हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी 'लाइट ऑफ एशिया' हा मूकपट केला. त्याच्या कॅमेऱ्यावर म्युनिकचा योझेफ विर्शिंग होता. पुढे तो मुंबईच्या बॉम्बे टॉकीज या चित्रपट कंपनीतच रमला. आणि १९४९ चा 'महल', अशोककुमार-मधुबालाचा, त्याचा कॅमेरा याच विर्शिंगचा. आता 'महल' पुन्हा बघा. झुलणारी झुंबरं, खांबांच्या आडवी पडलेल्या काळ्या सावल्या, हिंदोळ्यावरची ती बाई जवळ जावं तर नाहीशी. 'आयेगा आनेवाला'चे सूर येतात पण गाणारी दिसत नाही. ज्या जर्मनीत 'कॅलिगारी' आणि 'नोस्फेराटू' झाले तिथे तयार झालेली नजर मुंबईत येऊन आपल्या हवेलीतल्या भुतावर पडली आहे. 'नोस्फेराटू' आणि 'महल' लागोपाठच्या रात्री लावा.

आपले स्वतःचे मूकपट १,३०० च्या वर झाले, उरले फारच थोडे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) चारातली दोन रिळं आहेत. 'कालिया मर्दन' (१९१९) बराचसा शाबूत आहे, त्यात कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५), ज्यात तरुण शांताराम होते, तो गेलाच. ती नायट्रेटची फिल्म, भराभरा पेट घेणारी, आणि तशीच ठेवली तरी आपोआप सडणारी. शिवाय त्यातली चांदी काढून विकायला कितीतरी रिळं धुतली गेली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून उरलंसुरलं गोळा केलं, म्हणून एवढं तरी आहे.

होटगी_रोड

+१. विर्शिंगचं माहीत नव्हतं.

प्रती कुठे मिळतात असं दोघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून इथेच लिहितो. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे हे सगळे मोकळे आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर जवळपास सगळे सापडतील. मात्र नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरचं नवीन संगीत हे नवीन काम असतं, त्याचे हक्क वेगळे. ते उतरवून वाटत बसू नका.

गच्चीवर प्रोजेक्टर लावणाऱ्यांनी चंद्र उतरल्यावरच लावा. पडद्याला नक्षीची चादर नको, साधा पांढरा मांजरपाट ताणून बांधा, मागे गडद रंगाचं दुसरं कापड लावलं तर उजेड आरपार जात नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असतात, प्रोजेक्टर भिंतीला टेकवू नका.

रात्रपाळी

ऐका. काल सुट्टी होती म्हणून कारखान्यातल्या सात-आठ जणांना खोलीवर बोलावलो. 'नोस्फेराटू' लावलो, निळी प्रत, वेग बघून घेतलो होतो. आमच्यात एक आंध्रातला आहे, मराठी अजून कच्चं, एरवी गप्प बसतो. पाट्या मी मराठीत वाचलालो, तर हा मधेच उठला आणि तेलुगूत सांगायला लागला. पण पाटीतलं नाही, स्वतःच्या गावचं. असंच एक पडकं घर, असाच एक सावकार. पिक्चर थांबवून त्याची गोष्ट ऐकलो सगळे. मग परत पुढे लावलो.

आता दर सुट्टीला लावा म्हणतायत. पुढचा कुठला लावू सांगा. पोरं घरदार सोडून आलेली आहेत, दोघं-तिघं पितातही जास्त.

माळवद

@रात्रपाळी, मग 'फँटम कॅरेज' लावा. स्वीडनचा, १९२१ चा, दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्ट्रॉम, मुख्य भूमिकाही त्याचीच. वर्षाच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला जो मरतो त्याला पुढचं वर्षभर मृत्यूची घोडागाडी हाकावी लागते, असं त्यात आहे. मरतो तो दारूपायी बायकापोरांचे हाल केलेला माणूस. गाडी आणि गाडीवान आरपार दिसतात. तीच फिल्म कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा मागे घेऊन एकावर एक चित्रं घेतलीत, एका प्रसंगात ती गाडी समुद्राच्या तळाशी बुडालेल्याला न्यायला जाते. तो दारुडा कुऱ्हाडीने दार फोडतो तिथे पाटी आली तरी थांबवू नका, सरळ जाऊ द्या.

गोष्ट मागे-पुढे उड्या मारते, आठवणीत आठवण येते. म्हणून सुरू करण्याआधी नावं सांगून ठेवा : डेव्हिड होल्म, त्याची बायको, आणि साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेतली आजारी मुलगी एडिट. पाट्यांचं मराठी मी पहिल्या भागापर्यंत वहीत लिहून ठेवलंय, आज रात्री टंकून इथे टाकते. तेलुगू तुमच्या त्या मित्राकडून करून घ्या आणि इकडे पाठवा, सासूबाईंसाठी हवंय.

रात्रपाळी

टाका ताई. तेलुगूचं सांगतो त्याला. कन्नडचं कोण करतंय?

बाराबंदी

कन्नड मी करतो. पेटीमास्तर, कारखान्याच्या खोलीवर पेटी घेऊन जाणार असाल तर मीही येतो ऐकायला.